घनतेचं प्रात्यक्षिक: नाणं, जांभा आणि ± च्या पुढचा आकडा

२४ जून २०२४

अकरावीचे प्रवेश अजून चालूच आहेत. वर्ग ऑगस्टशिवाय भरणार नाहीत, तोवर लॅब मोकळी आहे. म्हणून घनतेचं प्रात्यक्षिक नव्याने बसवायला घेतलं.

आत्ता काय चालतं ते आधी लिहून ठेवते. मुलं वर्नियरने दंडगोल मोजतात, काट्यावर वजन करतात, भागाकार करतात आणि जर्नलमध्ये २.७१८४६२ असा आकडा उतरवतात. कॅल्क्युलेटरने दिला तेवढा सगळा. त्याखाली पुस्तकातली किंमत, टक्केवारीत चूक, सही, संपलं. पुस्तकात किंमतच नसेल तर काय करणार, असं तोंडी परीक्षेत विचारलं की वर्ग गप्प.

नव्या प्रात्यक्षिकात पुस्तकातली किंमत शेवटपर्यंत दाखवायची नाही. एकाच वस्तूची घनता दोन वेगळ्या रीतींनी काढायची, दोन्हींना आपापला ± (उत्तर किती मागेपुढे असू शकतं तो आकडा) लावायचा आणि दोन आकडे एकमेकांना धरून आहेत का ते बघायचं. वस्तू ठरवल्या: अ‍ॅल्युमिनियमचा दंडगोल, बेअरिंगची पोलादी गोळी, एक रुपयाची नाणी, काळ्या कातळाचे तुकडे आणि मिळाला तर जांभा. एकक सगळीकडे ग्रॅम प्रति घन सेंमी, त्यामुळे प्रत्येक वेळी लिहीत बसत नाही.

२६ जून

काटा तपासला. सोनाराकडे असतो तसला लहान डिजिटल आहे, ५०० ग्रॅमपर्यंत, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. लॅबच्या जुन्या वजनपेटीतली पितळी वजनं चढत्या क्रमाने ठेवली. ५० ग्रॅमला ५०.०० किंवा ५०.०१, १०० ला १००.०१. पंख्याखाली शेवटचा अंक नाचतो, पंखा बंद केला की बसतो.

काटा ०.०१ दाखवतो याचा अर्थ तो ०.०१ पर्यंत खरा आहे असा होत नाही. मी मर्यादा ±०.०२ ग्रॅम धरली. त्या पट्ट्यात खरं मूल्य कुठेही असू शकतं, मधे असण्याची शक्यता जास्त असं मानायला काही आधार नाही. अशा वेळी अर्ध्या पट्ट्याला √३ ने भागून प्रमाण अनिश्चितता, म्हणजे ± काढायचा मूळ आकडा, घेतात. ०.०२ ÷ १.७३ म्हणजे ०.०१२ ग्रॅम. ही रीत आयएसओने (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने) १९९३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेतली. वारंवार वाचनं घेऊन, त्यांच्या पसाऱ्यावरून काढलेली अनिश्चितता हा एक प्रकार, आणि उपकरणाची माहिती, दाखला, अनुभव यांवरून ठरवलेली हा दुसरा. शेवटी दोन्ही एकाच हिशेबात वर्ग करून मिळवायच्या. मुलांना पहिला प्रकार पटकन पटतो. दुसरा ‘अंदाज’ वाटतो. तो अंदाजच आहे, फक्त कारण लिहून केलेला.

२८ जून

दंडगोल. डिजिटल कॅलिपरने व्यास दहा ठिकाणी मोजला: २५.३६ ते २५.४१ मिमी, सरासरी २५.३८. उंची ४०.१२ मिमी. वजन ५४.८० ग्रॅम.

आकारमान २०.२९७ घन सेंमी, घनता २.७००.

अ‍ॅल्युमिनियमची पुस्तकातली किंमत २.७० आहे. इथेच वही मिटावी असा मोह होतो. पण दंडगोलाच्या दोन्ही कडा लेथवर चॅम्फर मारलेल्या आहेत, हाताला बोचू नयेत म्हणून. भिंगातून मोजलं तर अर्धा मिमी बाय अर्धा मिमीचा तिरका काप. एवढ्याशा कापाने दोन्ही टोकांचा मिळून ०.०२० घन सेंमी भाग कमी होतो. म्हणजे एक दशांश टक्का. तो वजा केला तर आकारमान २०.२७७ आणि घनता २.७०३. पुस्तकाशी तंतोतंत जुळणारा आकडा दुरुस्तीआधीचा होता. मुलांना हे दाखवायचंच.

आता ±. कॅलिपरची मर्यादा ०.०३ मिमी, √३ ने भागून ०.०१७. व्यासात सापेक्ष ०.०७ टक्के, पण सूत्रात व्यासाचा वर्ग आहे म्हणून त्याच्या दुप्पट. उंचीत ०.०४ टक्के, वजनात ०.०२. नेहमीच्या पद्धतीने या सगळ्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं की ०.१५ टक्के येतं. मात्र व्यास आणि उंची एकाच कॅलिपरने मोजलेत. तो जर जरासा मोठा दाखवत असेल तर दोन्हीकडे मोठाच दाखवणार. या दोन चुका एकमेकींना काटत नाहीत, एकमेकींना धरून चालतात. त्यामुळे कॅलिपरचा भाग सरळ मिळवायचा, वर्ग करून नाही. तसं केल्यावर ०.१८ टक्के. दुप्पट करून, म्हणजे साधारण ९५ टक्के खात्रीने, २.७०३ ± ०.०१०.

साध्या वर्नियरने, ज्याचं लघुतम माप ०.०१ सेंमी आहे, एका घराची चूक झाली तर एकट्या व्यासामुळेच घनता पाऊण टक्क्याने हलते. २.७१८४६२ मधले मागचे चार अंक वर्नियरने दिलेलेच नाहीत.

३ जुलै

पाण्याची रीत. स्प्रिंग काट्याला लटकवून वजनातली घट मोजण्याऐवजी उलटी मांडणी केली: पाण्याने अर्धा भरलेला बीकर काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, आणि वस्तू स्टँडवरून धाग्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही अशी सोडायची. पाणी वस्तूला वर ढकलतं तेवढंच वस्तू पाण्याला खाली ढकलते. काट्यावर वाढलेला आकडा म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वस्तुमान. काट्याला खाली हूक लागत नाही, साधा सपाट काटा पुरतो.

धाग्यावरून बराच खल झाला. सुती धागा पाणी पितो आणि आकडा सरकत राहतो. लॅबचे शिपाई, आमचे मामा, घरून तंगूस घेऊन आले, मासे धरायच्या गळाची. ती पाणी पीत नाही. पण तिच्या भोवती पाणी किंचित वर चढतं आणि पृष्ठताणामुळे तंगूस खाली ओढली जाते, म्हणजेच पाणी वर ओढलं जातं. ०.३ मिमी जाडीला हे ओढणं सुमारे ७ मिलिग्रॅम भरतं. काट्याच्या शेवटच्या अंकाच्या जवळपास, त्यामुळे सोडून देता येत नाही. उपाय सोपा आहे: नुसती तंगूस आधी बुडवायची, मग शून्य करायचं. ओढ दोन्ही वेळा सारखी असते, ती वजा होऊन जाते.

पहिली वाचनं २०.२३, २०.२६, २०.२१ अशी उड्या मारत होती. मामा बीकरच्या काचेला नाक लावून बघत होते. म्हणाले, “मॅडम, ह्याच्या बुडाला बुडबुडं चिकटल्यात की.” होते खरे, खालच्या सपाट तोंडाला, मोहरीच्या दाण्याएवढे. दोन मिमी व्यासाचा एक बुडबुडा चार मिलिग्रॅम पाणी जास्तीचं बाजूला सारतो. असे दहा असले की वाचन ०.०४ ग्रॅमने फुगतं. उपाय म्हणून पाणी उकळून गार केलं, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला आणि दंडगोल तिरका करून बुडवला. आता वाचनं २०.१७ ते २०.२२ मध्ये येतात.

५ जुलै

हिशेब. सरासरी वाचन २०.१९ ग्रॅम. पाण्याचं तापमान २५ अंश. या तापमानाला पाण्याची घनता ०.९९७०५, २४ ला ०.९९७३०, २६ ला ०.९९६७८. ‘पाण्याची घनता १’ असं धरून चाललं तर ०.३ टक्के चूक फुकटात पदरात पडते, आणि ती आत्तापर्यंतच्या प्रत्येक प्रमाण अनिश्चिततेपेक्षा मोठी आहे. तापमापक मात्र भारी लागत नाही. अर्ध्या अंशाने ०.०१३ टक्केच फरक पडतो.

नळाचं पाणी की डिस्टिल्ड? लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असले तरी घनता फार तर ०.०३ टक्क्यांनी वाढते. आमच्या हिशेबात ते चालतं. डिस्टिल्डचा कॅन रसायनशास्त्रवाल्यांकडे मागायला गेलं की चार प्रश्न विचारतात.

हवाही वस्तूला उचलते. वाई सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इथे हवेची घनता ०.००११ च्या जवळ. दुरुस्ती अशी: दोन वाचनांच्या भागाकाराला पाण्याच्या आणि हवेच्या घनतेतल्या फरकाने गुणायचं, मग हवेची घनता मिळवायची. ५४.८० ÷ २०.१९ = २.७१४२. गुणिले ०.९९५९५, अधिक ०.००११. उत्तर २.७०४. हवा विसरलो असतो तर २.७०६.

अनिश्चिततेत बीकरच्या वाचनाचाच वाटा मोठा, ०.०७ टक्के. बाकी सगळं किरकोळ. दुप्पट करून २.७०४ ± ०.००४.

कॅलिपरने २.७०३ ± ०.०१०, पाण्याने २.७०४ ± ०.००४. दोन्ही रीतींमध्ये सामायिक असं फक्त हवेतलं वजन आहे. कॅलिपरला पाणी माहीत नाही, पाण्याला कॅलिपर माहीत नाही. तरी जुळलं, याला मी पुस्तकाशी जुळण्यापेक्षा जास्त किंमत देते.

९ जुलै

नाणी. या प्रात्यक्षिकात मला सगळ्यात जास्त काय आवडणार असेल तर हेच.

कँटीनच्या गल्ल्यातून एक रुपयाची वीस नाणी घेतली, सगळी एकाच मालिकेतली, रुपयाचं चिन्ह असलेली. लोहचुंबकाला चिकटतात. क्रोमियम घातलेलं स्टेनलेस स्टील आहे, निकेलवालं नाही. एका नाण्याची जाडी मोजण्यात कॅलिपरची चूक जड पडते, म्हणून वीसची चवड केली. चवडीची उंची २८.९६ मिमी, व्यास २१.९३ मिमी, वजन ७५.६२ ग्रॅम.

आकारमान १०.९४, घनता ६.९१. दंडगोलासारखाच ± काढला: ०.०३.

बारावीतल्या दोघी मदतीला आल्या आहेत, त्यांना हे लिहायला लावलं: ६.९१ ± ०.०३. अगदी नीटनेटकं दिसतं. आकडे दिले, पसारा दिला, √३ दिला, दुप्पट केलं. परीक्षक खूश होऊन पूर्ण गुण देईल.

मग पाणी. नाण्याला भोक नाही, म्हणून कांद्याच्या पिशवीच्या जाळीचा लहान तुकडा तंगुसाला बांधला, तो बुडवून शून्य केलं, आणि नाणी एकेक करून पाण्याखालीच जाळीत सोडली. चवड करून सोडली तर दोन नाण्यांमध्ये हवा अडकते. वीसही गेल्यावर वाचन ९.७८ ग्रॅम. घनता ७.७० ± ०.०३.

६.९१ आणि ७.७०. फरक ०.७९, दोन्हींच्या ± पेक्षा पंचवीसपट. एकीने लगेच विचारलं, “मॅडम, काटा बिघडला?” दुसरी नाणं बोटांत फिरवत होती. कडेवरून नख ओढलं तर नख अडतं. नाण्याची कड उंच आहे, आतला भाग खोल. आकडा आणि चिन्ह जरा उठावाचे, पण तेही कडेच्या वर जात नाहीत. कॅलिपरच्या दोन जबड्यांना फक्त कडा लागतात. चवडीत प्रत्येक दोन नाण्यांमध्ये एक पोकळी आहे आणि ती आपण धातू म्हणून मोजली.

किती मोठी पोकळी, तेही निघतं. पाण्याने धातूचं आकारमान ९.८२, कॅलिपरने चवडीचं १०.९४. फरक १.१२ घन सेंमी, म्हणजे नाण्यामागे ०.०५६. नाण्याच्या क्षेत्रफळाने, ३.७८ चौ. सेंमीने, भागलं तर ०.१५ मिमी, दोन्ही बाजूंना मिळून. एकेका बाजूला पाऊण दशांश मिमी खोलगटपणा. नखाला जाणवतो तेवढाच.

± ०.०३ खोटा नव्हता. ‘नाणं हा सपाट दंडगोल आहे’ असं एकदा मान्य केलं की त्या दंडगोलाची घनता ६.९१ ± ०.०३ च आहे. कॅलिपर आणखी दहापट बारीक आणला असता तर ६.९१२ ± ०.००३ मिळालं असतं, आणि तेही नाण्याच्या धातूबद्दल काहीच सांगणारं नसतं. वाचनं वाढवून हा फरक दिसत नाही. दुसऱ्या रीतीने मोजल्याशिवाय तो हाती लागला नसता.

जर्नलच्या तक्त्यात ‘गृहीत धरलेला आकार’ असा एक रकाना वाढवते आहे.

१२ जुलै

पोलादी गोळी, व्यास १२.७० मिमी, स्क्रू गेजने. वजन ८.३७. घनता ७.८० ± ०.०३. व्यासाचा घन असल्याने सापेक्ष अनिश्चितता तिप्पट होते, तरी स्क्रू गेज इतका बारीक की चालून जातं.

पाण्यात: वाचन १.०७. घनता ७.८, पण ± ०.१८. एक ग्रॅमच्या वाचनात ०.०१ म्हणजेच एक टक्का. नाण्यांना पाण्याने वाचवलं, गोळीला पाण्याने बुडवलं. दहा गोळ्या एकदम जाळीत टाकल्या तर हीच रीत पुन्हा चांगली. म्हणजे ‘पाण्याची रीत अचूक’ असं सरसकट शिकवायचं नाही.

१६ जुलै

उद्या आषाढीची सुट्टी, आज फार काम नाही. मोजपात्रात वस्तू टाकून पातळी किती चढली ते बघण्याची रीत ठेवायची का, यावर विचार केला.

मुलांना आर्किमिडीजच्या मुकुटाची गोष्ट पाठ असते: काठोकाठ भरलेलं भांडं, सांडलेलं पाणी. हिशेब करून बघितला. एक किलो शुद्ध सोन्याचं आकारमान ५१.८ घन सेंमी. त्यात तीन दशांश चांदी मिसळली तर ६४.९. फरक १३. मुकुट मावेल असं वीस सेंमी व्यासाचं भांडं घेतलं तर पातळीतला फरक ०.४ मिमी. पाण्याचा पृष्ठभागच काठाशी त्याहून जास्त वर-खाली असतो. रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हिअसने ही गोष्ट लिहिली ती आर्किमिडीजनंतर दोनशे वर्षांनी. गॅलिलिओला १५८६ मध्येच ती पटली नव्हती. त्याच्या मते आर्किमिडीजने तराजूच वापरला असणार. त्याने स्वतः तसा तराजू मांडला, दांडीवर बारीक तार शेजारीशेजारी गुंडाळली, आणि वेढे डोळ्यांनी मोजता येत नाहीत म्हणून टोकदार पात्याने खरवडत, आवाज ऐकून मोजायला सांगितले. उपकरणाचं लघुतम माप डोळ्याला झेपत नसेल तर कानाकडे द्यावं, ही युक्ती मला फार आवडते.

आमच्या १०० मिलीच्या मोजपात्रावर १ मिलीच्या खुणा आहेत. दंडगोलाला दोन टक्के अनिश्चितता येते. ठेवते, पण फक्त तुलनेसाठी. पाच मिनिटांत आटपेल.

सोन्यावरून सराफाचा विषय निघणारच. सोन्यात टंगस्टन भरलं तर घनतेवरून कळेल का? टंगस्टनची घनता १९.२५, सोन्याची १९.३. फरक पाव टक्का. घरच्या काट्याने लहान दागिन्यावर हा फरक दिसणं शक्य नाही.

२२ जुलै

दगड. एका विद्यार्थिनीच्या आजोळी, राजापूरला, घराचं काम चालू आहे. तिथून चिऱ्याचा तुटका कोपरा आला. जांभा. पाचगणीच्या टेबललँडवरही जांभ्याचंच टोपण आहे आणि त्याच्या खाली सगळा काळा कातळ, हे मुलं रोज पसरणीच्या घाटात बघतात. पण तिथून दगड उचलून आणायला सांगणं मला बरं वाटेना.

काळा कातळ (बेसाल्ट) खडी क्रशरवरून. भरीव, भोकं नसलेले पाच तुकडे निवडले. पहिल्याचं वजन १४८.३२, पाण्यातलं वाचन ५१.३१. घनता २.८८० ± ०.००३. फार छान. पण बाकीच्या चार तुकड्यांचे आकडे २.८४ ते २.९१ आले. एकाच ढिगातले. ± ०.००३ हा त्या एका तुकड्याचा आहे. ‘या ढिगातल्या बेसाल्टची घनता’ असं म्हणायचं तर २.८८ आणि पसारा ०.०३, दहापट. कुठला आकडा द्यायचा हे प्रश्न काय विचारला त्यावर ठरतं, आणि प्रश्न प्रात्यक्षिकाच्या शीर्षकात नीट लिहिलेला असायला हवा. ‘दगडाची घनता काढणे’ एवढं पुरत नाही.

जांभा पाण्यात सोडला आणि तो फसफसायलाच लागला. सगळ्या भोकांतून बुडबुड्यांच्या माळा. काट्यावरचा आकडा थांबेना: सुरुवातीला ४३ च्या वर, दहा मिनिटांत ३८, तासाभराने ३६ च्या जवळ. भोकांत पाणी शिरतं तसं दगडाने अडवलेलं आकारमान कमी होत जातं. ‘वाचन स्थिर झाल्यावर नोंदवा’ असं लिहिलं तर मुलं संध्याकाळपर्यंत बसून राहतील.

२५ जुलै

वजनाचाही घोळ. पावसात व्हरांड्यात पडलेला तुकडा ९८.९० ग्रॅम होता. रसायनशास्त्राच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांना ठेवला, दर काही तासांनी काढून, गार करून वजन केलं. ९७.६, ९६.७, ९६.४१, ९६.४०. इथे थांबलो. अडीच ग्रॅम पाणी नुसतं हवेतून आणि फरशीवरून प्यालेलं. आषाढातली घनता आणि वैशाखातली घनता वेगळी, जोवर आपण ‘कोरडा’ म्हणजे काय ते ठरवत नाही.

बांधकामवाल्यांनी हे कधीच ठरवून टाकलंय. खडीसाठी भारतीय मानक २३८६, भाग ३, साल १९६३: चोवीस तास भिजवायचं, पृष्ठभाग फडक्याने टिपायचा, शेवटी ओव्हनमध्ये सुकवायचं. तेच घेतलं, फक्त सुकवणं आधी केलं.

२९ जुलै

भिजवून, टिपून वजन १०९.१. टिपण्यावर फार अवलंबून आहे. मी टिपलं तर १०८.८, मामांनी टिपलं तर १०९.४. मामा म्हणाले, “भोकातलं पानी काढायचं का नाही ते सांगा आधी.” नेमका मुद्दा हाच. वरचं चकाकणारं पाणी जाऊ द्यायचं, भोकातलं ठेवायचं, आणि मोठ्या भोकातलं पाणी वरचं की आतलं हे फडकं धरणाऱ्याने ठरवायचं. प्रमाण अनिश्चितता ०.२ ग्रॅम धरली, काट्याच्या ०.०१२ च्या सोळा-सतरापट.

भिजलेला तुकडा बुडवल्यावर वाचन ४५.०, आता ते स्थिर राहतं. त्यावरून भोकांसकट आकारमान ४५.२. प्यालेलं पाणी १२.७ ग्रॅम, म्हणजे पाण्याला पोचता येतील अशी भोकं २८ टक्के.

भोकांसकट घनता: ९६.४० ÷ ४५.२ = २.१३ ± ०.०२.
भोकं वगळून: २.९७.

बांधकामाला पहिली हवी, चिऱ्याचं ओझं त्यावरून निघतं. दगड कशाचा बनलाय ते दुसरीवरून कळतं. लोखंडाची संयुगं भरपूर असल्याने ती काळ्या कातळापेक्षाही जास्त भरली. हातात घेतल्यावर हलका लागणारा जांभा, त्याचा कण कातळाहून जड.

गंमत अशी की टिपण्याच्या गोंधळाचा दुसऱ्या आकड्याला धक्का लागत नाही. भिजलेल्या तुकड्याचं टिपलेलं वजन आणि बीकरचं वाचन यांत ते जास्तीचं पाणी सारखंच येतं, वजाबाकीत उडून जातं. कागदावर २.९७ चा ± पहिल्यापेक्षा बारीक येतो. पण मी तो लिहिणार नाही. चोवीस तासांनंतरही काही भोकांत हवा अडकलेलीच असणार, तीन दिवसांनी वजन आणखी थोडं चढलंच. चूक एकाच बाजूला आहे: खरा आकडा २.९७ हून खाली असू शकत नाही, वर असू शकतो. दोन्ही बाजूंना सारखा ± लावला तर तो चुकीचं सांगेल. ‘किमान २.९७’ असं लिहायचं.

५ ऑगस्ट

बारावीतल्या एकीने विचारलं, मग सगळ्यात अचूक घनता कुणी मोजलीय? सिलिकॉनच्या गोळ्याची, असं सांगितलं. किलोग्रॅमची नवी व्याख्या २० मे २०१९ पासून लागू झाली, त्याआधी अनेक वर्षं एक किलोचे, जेमतेम ९४ मिमी व्यासाचे गोळे घासून जवळजवळ परिपूर्ण गोल केले आणि व्यास प्रकाशाच्या व्यतिकरणाने मोजला. घनता आणि स्फटिकातलं अणूंचं अंतर यांवरून अणू मोजले. तिथेही गोळ्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर होता आणि त्याची जाडी व वस्तुमान वेगळं काढावं लागलं. गोळा कुठे संपतो आणि साय कुठे सुरू होते, हे त्यांनाही ठरवावं लागलं. ती म्हणाली, “म्हणजे त्यांच्या नाण्यालाही कड होती.” हे तोंडी परीक्षेत बोलली तर बरं.

१३ ऑगस्ट

जर्नलचं पान तयार. निरीक्षण तक्त्यात चार रकाने नवे: वाचनाची मर्यादा आणि ती का धरली, गृहीत धरलेला आकार, पाण्याचं तापमान, वस्तूची स्थिती (कोरडी, भिजलेली, जशी मिळाली तशी). उत्तराच्या ओळीत ± आधी लिहायचा, एका किंवा दोन अर्थपूर्ण अंकांत, आणि मग उत्तर तेवढ्याच दशांश स्थळांपर्यंत तोडायचं. क्रम उलटा ठेवला की मुलं सहा अंक लिहून मोकळी होतात.

एका सहकाऱ्याचा आक्षेप: अकरावीला आंशिक अवकलन येत नाही, मग अनिश्चितता कशी काढणार? लागत नाही. व्यास ०.०२ मिमीने वाढवून पुन्हा घनता काढा, किती हलली बघा. उंचीला तसंच, वजनाला तसंच. हललेले आकडे वर्ग करून मिळवा. कॅल्क्युलेटर एवढ्यासाठी तरी वापरू दे. आणि बेरीज दुसऱ्याने तपासायची. कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये पृथ्वीची सरासरी घनता ५.४८ छापली, पण त्याच्याच निरीक्षणांची सरासरी ५.४५ येते.

२२ ऑगस्ट

पहिली बॅच. दंडगोल सगळ्यांचा जमला, २.६९ ते २.७१, आणि सगळ्यांचे ± एकमेकांवर पडतात. नाण्यांपाशी अपेक्षेप्रमाणे गोंधळ. दोन गटांनी कॅलिपरचा आकडा खोडून पाण्याचा लिहिला. खोडायचं नाही, दोन्ही ठेवायचे आणि फरकाचं कारण लिहायचं, असं सांगून पान परत दिलं. एका गटाने कड आणि आतला भाग यांची खोली वर्नियरच्या मागच्या दांडीने मोजायचा प्रयत्न केला. दांडी नीट टेकेना, पण विचार बरोबर होता, गुण दिले.

जांभ्याचे आकडे २.१४, २.३, २.६ आणि परत २.१. ज्यांनी भिजवलेला तुकडा घेतला त्यांचे २.१ च्या आसपास. बाकीच्यांनी ट्रेमधला कोरडा तुकडा सरळ बुडवला आणि आपल्याला वाटलं तेव्हा वाचन घेतलं. तक्त्यात ‘बुडवल्यापासून किती मिनिटांनी’ हा रकाना नाही. पुढच्या बॅचच्या आधी तो घालायचा, कोरड्या आणि भिजलेल्या तुकड्यांचे ट्रे वेगळे करून त्यावर पाट्या लावायच्या, आणि ओव्हन सोमवारी मिळेल का ते रसायनशास्त्राच्या लॅबला विचारायचं.